लेकरांना सिनेमा दाखवण्याआधी आम्हाला सांगा : मराठवाड्यातील मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

आदरणीय मुख्याध्यापक सर, मॅडम आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

सहलीच्या चिठ्ठीवर वेरूळ, जायकवाडी, औंढा नागनाथ यांच्या जोडीला आता ‘सिनेमा’ असंही येऊ लागलं आहे. आनंददायी शनिवारी वर्गातल्या स्मार्ट बोर्डवर सिनेमा लागतो. त्यात अलीकडे जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे हलत्या चित्रांचे सिनेमे दिसतात : जादूचे, देवदानवांचे, बोलणाऱ्या प्राण्यांचे. मला याचं मनापासून बरं वाटतं. मी दोन लेकरांची आई आहे, परभणीत एका वाचनालयात काम करते आणि सुट्यांमध्ये तिथल्या हॉलमध्ये मुलांना सिनेमे दाखवते. यातले चांगले सिनेमे फार निगुतीनं केलेले असतात आणि मुलांना समज आहे असं धरून चालतात. तेव्हा सिनेमा बंद करा, असं मी म्हणत नाही. माझी मागणी एवढीच आहे, की दाखवण्याआधी त्या सिनेमात काय घडतं ते आम्हा पालकांना मराठीत, नीट आणि वेळेवर कळवा. पाठवायचं की नाही ते आम्ही ठरवू.

आज आमच्या हाती येते ती चिठ्ठी अशी : ‘शनिवारी मुलांना कार्टून चित्रपट दाखवण्यात येईल. डबा व पाण्याची बाटली सोबत द्यावी.’ सिनेमाचं नावही नसतं. विचारलं तर तीनपैकी एक उत्तर मिळतं. कार्टूनच तर आहे. सेन्सॉरनं पास केलाय. ऑस्कर मिळालेला आहे.

कार्टूनपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे. आपल्याकडे चित्र हललं की ते लहान मुलांचं, असं आपण धरून चालतो. जपानमध्ये तसं नाही. तिथे पाच वर्षांच्या मुलासाठी जसं अ‍ॅनिमे बनतं तसंच कॉलेजच्या पोरांसाठी आणि मोठ्यांसाठीही बनतं, आणि वरवर पाहता सगळ्यांची चित्रं सारखीच गोड दिसतात. घराघरात हिंदीत बोलणारा शिनचॅन घ्या. तो १९९० मध्ये जपानमध्ये ज्या साप्ताहिकात सुरू झाला ते मोठ्या माणसांसाठीचं होतं. आपल्याकडे तो दुसरी-तिसरीतल्या मुलांच्या जेवणाच्या ताटासमोर येऊन बसला.

याहून ठळक उदाहरण १९८८ सालचं आहे. स्टुडिओ जिबली या संस्थेनं त्या वर्षी १६ एप्रिलला दोन सिनेमे एकाच दिवशी, एकाच तिकिटावर लावले. एक हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ : खेड्यात राहायला आलेल्या दोन बहिणी, दवाखान्यात असलेली आई आणि रानातला एक केसाळ, प्रेमळ प्राणी. दुसरा इसाओ ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ : युद्धात घर जळतं, आई मरते, आणि भाऊ-बहीण उपासमारीनं एकामागून एक जातात. संस्था एक, दिवस एक, चित्रांची धाटणीही जवळची. पहिला मी बालवाडीतल्या मुलाला मांडीवर घेऊन दाखवीन. दुसरा नववीच्या आत दाखवू नये असं माझं ठाम मत आहे, आणि तेव्हाही शेजारी घरचं माणूस हवं. ‘जिबलीचाच आहे’ किंवा ‘त्याच दिग्दर्शकाचा आहे’ एवढ्यावर निर्णय घेता येत नाही तो यासाठी. टोटोरोच्या मियाझाकींनीच पुढे १९९७ मध्ये ‘प्रिन्सेस मोनोनोके’ केला. त्यात बाण लागून माणसाचे हात आणि मुंडकं उडतं. तो उत्तम सिनेमा आहे, पण आठवीच्या पुढे.

आता सेन्सॉर. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. आधी ‘यूए’ हा एकच शिक्का होता आणि त्याचा अर्थ बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या सल्ल्यानं दाखवावा, इतकाच होता. आता त्याचे तीन भाग झाले : यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. ही सुधारणा चांगलीच आहे. पण त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट लिहिली आहे, ती समितीच्या प्रत्येक सदस्यानं वाचावी असं मला वाटतं. वयाचा हा शिक्का आई-वडिलांना किंवा पालकांना विचार करता यावा म्हणून आहे. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी त्याची सक्ती करायची नाही. म्हणून ‘ए’ सिनेमाला मुलाला दारातून परत पाठवतात, पण ‘यूए १३+’ ला आठ वर्षांचं लेकरू आत गेलं तर कुणी अडवत नाही. कायद्यानं हा निर्णय आईबापाच्या हाती ठेवला आहे. शाळा साठ मुलं रांगेत घेऊन जाते तेव्हा तिथे आईबाप नसतात. त्यांचा निर्णय शाळा परस्पर घेत असते, आणि तो घेण्याइतकी माहिती बऱ्याचदा शाळेकडेही नसते. प्रमाणपत्र पडद्यावर येतं तेव्हा मुलं खुर्च्यांत बसलेली असतात.

शिवाय वयाचा आकडा देशागणिक बदलतो. ‘डीमन स्लेअर’ मालिकेतला ‘इन्फिनिटी कॅसल’ हा सिनेमा सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे हिंदीतही लागला आणि पोरांनी डोक्यावर घेतला. जपानमध्ये त्याला पीजी-१२ आहे, म्हणजे बारा वर्षांखालच्यांना मोठ्यांच्या सल्ल्यानं. अमेरिकेत त्याच सिनेमाला आर आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलासोबत मोठं माणूस असल्याशिवाय प्रवेशच नाही. तलवारी, रक्त, तुटणारी मुंडकी दोन्हीकडे तीच. एका समाजाला ते बारा वर्षांच्या मुलाला चालेल वाटतं, दुसऱ्याला वाटत नाही. मग परभणीतल्या, गंगाखेडच्या, अंबाजोगाईच्या आईनं कुठला आकडा धरायचा? तिला आकड्यापेक्षा आत काय आहे ते कळायला हवं.

ऑस्करचंही तसंच. ‘द बॉय अँड द हेरॉन’ला २०२४ मध्ये ऑस्कर मिळालं आणि त्याच वर्षी तो आपल्याकडच्या थिएटरांतही आला. त्याची सुरुवातच युद्धकाळातल्या आगीत एका मुलाची आई गेल्यापासून होते. पुढे तो मुलगा रस्त्यावर एकटा असताना दगड उचलतो आणि स्वतःच्या डोक्यात मारून घेतो. भळाभळा रक्त वाहतं. गोष्टीच्या दृष्टीनं तो प्रसंग खरा आहे, त्या मुलाचं दुःख त्यातूनच कळतं. पण आपण मराठवाड्यात राहतो. आपल्या प्रत्येक शाळेच्या पटावर अशी लेकरं आहेत, ज्यांच्या घरात कुणी स्वतःला संपवलं आहे. त्यांच्या गुरुजींना आणि बाईंना हे माहीत असतं. त्या लेकराला अंधाऱ्या हॉलमध्ये, कुणी काही न सांगता, हे दृश्य दाखवायचं का, हा प्रश्न पुरस्कारानं सुटत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. आपल्या लेकरांना काय लागेल, हे मुंबईतल्या प्रमाणन मंडळाला कळणार नाही आणि कळावं अशी अपेक्षाही नाही. ते आपल्यालाच कळू शकतं.

एक प्रसंग सांगते. मियाझाकींचाच ‘स्पिरिटेड अवे’ मी खूप मुलांसोबत पाहिला आहे. दहा वर्षांची चिहिरो आई-बाबांसोबत एका ओसाड गावात शिरते. दुकानात वाफाळतं जेवण मांडलेलं, विचारायला कुणी नाही. आई-बाबा बसतात आणि खात सुटतात. ती परत येते, बाबांच्या पाठीला हात लावते, आणि तोंड वळतं ते डुकराचं. अंधार पडतो, दिवे लागतात, सावल्या चालू लागतात, ती ‘आई, बाबा’ करत धावत सुटते. एका शाळेत मी पालक म्हणून मुलांमध्ये बसले होते. त्या क्षणी मागची पोरं डुकराच्या आवाजाला हसली. माझ्या शेजारची तिसरीतली मुलगी मात्र वेणीची रिबीन तोंडात धरून ताठ झाली होती. तिनं हळूच विचारलं, “मावशी, ते परत माणसं होतात का?” मी म्हटलं, होतात. “कधी?” शेवटी. “शेवट किती वेळानं आहे?” मी सांगितलं, अजून पावणेदोन तास. ती म्हणाली, “मग तिला तोवर जेवायला कोण देतं?” मी म्हटलं, देतात, तिथे एक मुलगा तिला भात देतो. मग तिनं रिबीन सोडली आणि नीट बसून शेवटपर्यंत सिनेमा पाहिला, आवडीनं पाहिला. तिचे आई-वडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले होते. ती आजीजवळ राहत होती.

त्या सिनेमात एका जखमी ड्रॅगनचं रक्त सोडलं तर रक्तपात नाही. शिक्क्याच्या हिशेबात तो सौम्यच बसेल. पण आई-बाप नाहीसे होणं ही आपल्याकडच्या हजारो लेकरांसाठी सहा महिन्यांची खरी गोष्ट आहे. म्हणून त्यांना तो दाखवू नये असं मुळीच नाही. उलट कदाचित त्यांनाच तो सगळ्यात जास्त पोचेल. फक्त ‘होतात, शेवटी’ एवढं कुणीतरी आधी सांगायला हवं. आजीला माहीत असतं तर तिनं आदल्या रात्री सांगितलं असतं.

२४ जानेवारी २०२५ ला जपानी-भारतीय मंडळींनी मिळून केलेला, नव्वदच्या दशकातला रामायणावरचा अ‍ॅनिमे सिनेमा देशभर थिएटरांत लागला. त्यात युद्ध आहे, राक्षस आहेत, कुंभकर्ण आहे. पण त्याला मुलांना नेताना कुणाच्या घरी गोंधळ झाला नाही. पुढे काय होणार हे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. लहान लेकरू घाबरलं तर ‘आता हनुमान येईल बघ’ म्हणायला शेजारी माणूस होतं. जपानी गोष्टींच्या बाबतीत नेमकी हीच आधीची ओळख आपल्याकडे नसते, आणि ती अर्ध्या पानात करून देता येते.

दुसरी गोष्ट हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिवकडच्या शाळांसाठी खास लिहिते. माकोतो शिंकाईंचा ‘सुझुमे’ २०२३ मध्ये आपल्याकडे लागला आणि तो आता शाळांमध्येही दाखवला जातो. त्याचा विषय भूकंप आहे. जमिनीखालून एक अजस्र किडा उसळतो, मोबाइलवर धोक्याची घंटी वाजते, जमीन हलते. आणि नायिकेची आई ११ मार्च २०११ च्या खऱ्या आपत्तीत गेलेली आहे. जपानमध्ये हा सिनेमा लावताना निर्मात्यांनी आधीच सूचना दिली होती, की यात भूकंपाची दृश्यं आणि भूकंपाच्या इशाऱ्यासारखा आवाज आहे. ज्यांनी ते भोगलं त्यांचा हा मान होता. आपण किल्लारीची माणसं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते ज्यांनी पाहिलं ते आज आजी-आजोबा आहेत आणि ती रात्र नातवंडांना सांगतात. कळमनुरी, वसमतकडे तर ही जुनी गोष्टसुद्धा नाही. २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलैला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, परभणी-नांदेडपर्यंत भांडी हलली. जमिनीतून गूढ आवाज आला की त्या भागातली लेकरं अंगणात पळतात. त्यांना ‘सुझुमे’ जरूर दाखवा, पण दाखवण्याआधी सांगा. टोकियोपेक्षा ही सूचना वसमतला कमी गरजेची नाही.

भुताखेतांची मात्र मला अजिबात काळजी वाटत नाही, आणि काही पालक या एका कारणासाठी मुलांना पाठवत नाहीत म्हणून हे लिहिते. या सिनेमांत नदीचे, डोंगराचे, झाडांचे देव असतात. आपल्या लेकरांना विहिरीवरच्या साती आसरा, शिवेवरचा म्हसोबा, मरीआई हे सगळं माहीत असतं. ‘स्पिरिटेड अवे’मध्ये चिखलानं बरबटलेला, घाण वास येणारा एक पाहुणा न्हायला येतो. त्याच्या अंगातून सायकल आणि ढीगभर कचरा ओढून काढतात तेव्हा कळतं, की ही नदीची देवता होती. नांदेडला गोदावरीचा घाट पाहिलेल्या मुलाला यात वेगळं काही समजावून द्यावं लागत नाही. ‘टोटोरो’त वडील आणि दोन छोट्या मुली एकाच टबात अंघोळ करतात, तेही तिथल्या घरातलं रोजचं आहे. आधी एका ओळीत सांगितलं तर कुणाला खटकणार नाही. न सांगता दिसलं तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात तक्रार येते.

भाषेकडे मात्र फार कमी लक्ष जातं. पुष्कळदा सिनेमा जपानीत आणि खाली इंग्रजी अक्षरं असतात. चौथीतलं लेकरू ती वाचू शकत नाही. मग त्याच्यापर्यंत पोचतं ते फक्त चित्र आणि आवाज. राक्षस दिसतो, पण ‘घाबरू नकोस, मी आहे’ हे वाक्य पोचत नाही. गोष्टीतला सगळा धीर शब्दांत असतो आणि तोच गळतो. सातवीच्या आतल्या मुलांना हिंदी आवाजातलीच प्रत दाखवावी. ती नसेल तर दर वीस मिनिटांनी थांबवून बाईंनी मराठीत गोष्ट सांगावी. वाचनालयात आम्ही तेच करतो आणि मुलांना ते आवडतं. सलग दोन तास लहान मुलांना झेपतही नाही.

आणि प्रकाश. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश भराभर लुकलुकला आणि सहाशेहून जास्त प्रेक्षकांना, त्यातही बहुतेक मुलांना, दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर तिथे नियम कडक झाले आणि खोलीत उजेड ठेवून, लांब बसून पाहा अशी सूचना येऊ लागली. आपण काय करतो? खिडक्यांना सतरंज्या लावून वर्ग अंधारा करतो आणि पहिलीतली मुलं बोर्डापासून दोन हातांवर बसवतो. एक दिवा चालू ठेवा, मुलं मागे सरकवा, आणि ज्याला फिट येते त्याच्या घरी आधी विचारा. याला पैसा लागत नाही.

चिठ्ठी कशी असावी, तेही लिहून देते, म्हणजे वेळ नाही अशी अडचण राहणार नाही. समजा सहावीला ‘सुझुमे’ दाखवायचा आहे :

‘सिनेमाचं नाव सुझुमे. जपानी, हिंदी आवाजात, दोन तास. सतरा वर्षांच्या, मावशीनं वाढवलेल्या मुलीची गोष्ट. तिची आई लहानपणी भूकंप आणि त्सुनामीत गेली आहे. सिनेमात भूकंपाची दृश्यं आणि मोबाइलवर इशाऱ्याचा आवाज बऱ्याचदा येतो. चार वर्षांची मुलगी बर्फात आईला शोधत रडते, असं दृश्य आहे. एका प्रसंगात मावशी रागाच्या भरात, तुझ्यामुळे माझं आयुष्य गेलं, असं तिला बोलते. नंतर दोघी समेट करतात. रक्तपात नाही. शेवट धीर देणारा आहे. आमच्या शाळेतील अमुक शिक्षकांनी हा सिनेमा पूर्ण पाहिला आहे. ज्यांना पाठवायचं नाही त्यांच्या मुलांसाठी त्या वेळेत वाचनाचा तास असेल. सिनेमा चालू असताना मुलाला बाहेर यावंसं वाटलं तर एक शिक्षक दारापाशी असतील.’

एवढंच. मावशीचं ते वाक्य मी मुद्दाम घातलं. चुलत्याकडे, मामाकडे वाढणारी लेकरं आपल्या शाळांत थोडी नाहीत, आणि ते वाक्य त्यांच्या कानात बसणारं आहे. शेवट आधी सांगितला तर मजा जाते, असं कुणी म्हणेल. लहान मुलांची जात नाही. ती तीच गोष्ट वीस वेळा ऐकतात.

हे लिहायला कुणीतरी सिनेमा आधी पूर्ण पाहिलेला हवा. ट्रेलर पाहून, यूट्यूबवर तुकडा पाहून चालणार नाही. ट्रेलरमध्ये नेमकी हीच दृश्यं नसतात. सिनेमा ओटीटीवर असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे सुरुवातीला वयोगट आणि आशयाचं वर्णन पडद्यावर येतं, बहुधा इंग्रजीत आणि काही सेकंदच. तिथे थांबवून ते उतरवून घ्या. ती फक्त सुरुवात आहे, चिठ्ठीचं काम त्यानं भागत नाही. उर्दू शाळांमध्ये चिठ्ठी उर्दूत जावी. तांड्यावर, वस्तीवर जिथे आजीला वाचता येत नाही तिथे मुलाच्या हाती कागद देऊन मोकळं होऊ नये. पालक सभेत ती मोठ्यानं वाचावी, किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आवाजात टाकावी.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना वेगळं सांगायला हवं असं नाही. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, निम्म्या महिला असतात. म्हणजे हा ठराव आपण आपल्याच लेकरांसाठी करणार आहोत, आणि त्यासाठी वरून आदेश यायची वाट पाहण्याची गरज नाही. पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्या : आधी शिक्षकानं पाहिल्याशिवाय आणि चिठ्ठी घरी पोचल्याशिवाय सिनेमा लागणार नाही. परभणी जिल्ह्यातल्या ज्या शाळांना चिठ्ठी लिहिताना मदत हवी असेल त्यांना मी सिनेमा पाहून ती लिहून देईन.

वेळेचंही बघा. सिनेमे बहुधा डिसेंबर-जानेवारीत दाखवले जातात. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा झाला की निघायला लागतात. वर्षभरात दाखवायच्या सिनेमांची यादी आणि चिठ्ठ्या सप्टेंबरच्या पालक सभेत तयार असतील, तर कारखान्यावर जाणाऱ्या आईबापांनाही त्या ऐकता येतील, आणि निघण्याआधी लेकराशी बोलता येईल.

आपली,
एक पालक, परभणी